आडकू वल्द सोमा

मला हळू चाललेलं काम बघवत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि आता सत्तरीला टेकल्यावर तो जाईल असं काही दिसत नाही. बँकेत पासबुक भरून घ्यायला गेले की काचेपलीकडच्या पोराचं एका बोटाने टाइप करणं बघून माझीच बोटं शिवशिवतात. सून कांदा चिरत असली की मी तिथून उठून जाते, नाहीतर तिच्या हातातली सुरी मीच घेईन आणि मग घरात दोन दिवस अबोला. नातू मला 'एक्सप्रेस आजी' म्हणतो. म्हणू दे. या घाईच्या जिवावर मी भंडाऱ्याच्या एका पतसंस्थेत तीस वर्षं हिशेब लिहिले, आणि माझ्या टेबलावर कधी काम तुंबलं नाही. पण ही घाई पहिल्यांदा ज्या वहीवर चालवली ती माझ्या बाबांची होती, आणि तिथे काय झालं ते मी कोणाला धड सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आता तेही नाहीत, तर लिहून तरी ठेवते.

आमचं घर तलावाच्या पाळीला लागून होतं. गाव ढिवरांचं, म्हणजे मासे धरणाऱ्यांचं, पाच-दहा घरं धानवाल्यांची. पहाटे पाळीवरून ओली जाळी झटकल्याचा आवाज यायचा, त्याच्या मागोमाग टिटवीचा, आणि मग आईच्या चुलीवरच्या भाताच्या झाकणाचा. हिवाळ्यात घरात दोन वास कायम असायचे, एक सुकत टाकलेल्या झिंग्यांचा आणि एक उकडलेल्या शिंगाड्यांचा. झिंगे-वांग्याची भाजी, लाखोळीचं वरण आणि मोकळा भात, एवढंच जेवण. पण त्या भाजीची चव मला लग्नानंतर जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये कधी जमली नाही. बाजारातले झिंगे आणून बघितले, वांगी माहेरून मागवून बघितली. नवरा म्हणायचा, छान झाली आहे. फॅक्टरीच्या बसची घाई असलेला माणूस दुसरं काय म्हणणार.

शिंगाडे मात्र आमच्या घरचे नसायचे, ते कुडापलीकडच्या सरजाकाकीचे. तिचा नवरा, आडकूकाका, तलावात बुडून गेले तेव्हा मी चार वर्षांची होते, म्हणून मला ते आठवत नाहीत. काकी आठवते ती एकटीच. एक मुलगी होती, ती दिघोरीला दिली होती. माझ्या पाठच्या भावाच्या वेळी आई दोन महिने अंथरुणाला होती, तेव्हा मला न्हाऊमाखू घालून, वेणी करून शाळेत पाठवलं ते काकीने. पोहायलाही तिनेच शिकवलं, म्हणजे पाळीवरून ढकलून दिलं आणि स्वतः मागून उडी मारली. शाळेतून आले की कुडावरून एक काळा हात यायचा, त्यात गरम शिंगाडे. मी दप्तर फेकून आधी तिकडे धावायचे, आणि आई म्हणायची की या पोरीला जन्म मी दिला का सरजाने.

बाबा मच्छीमार सोसायटीची वही लिहायचे. गावात त्यांना सगळे मुनीमजी म्हणत. कागदावर पद सचिवाचं होतं, पण ते कोणी उच्चारत नसे. सोसायटीचे अठ्ठावन्न सभासद. दिवाळीनंतर तलाव उतरू लागला की दर पंधरा दिवसांनी मोठं जाळं ओढायचे, व्यापारी टेम्पो घेऊन यायचा, रोहू-कतला तोलून न्यायचा, आणि त्या पैशांचे वाटे व्हायचे. बाबा आधी रोजकीर्द लिहीत, म्हणजे त्या दिवशी काय झालं ते ओळीने, आणि मग प्रत्येकाचं खातं शोधून तीच नोंद खतावणीत पुन्हा उतरवत. खतावणी लाल कापडात बांधलेली, मांडीवर घेतली की बाबा अर्धे झाकले जायचे. छपरीत बसून ते टाक दौतीत बुडवत आणि एकेक नाव पूर्ण लिहीत: तुळशीराम वल्द बुधा. दामा वल्द झिंगर. बापाच्या नावाआधी 'वल्द' लिहायची पद्धत जुन्या सरकारी कागदांतली, त्यांनी ती सोडली नव्हती. बरं, नाव लिहून गप्प बसावं, तर नाही. झिंगरचं नाव आलं की झिंगरने एकदा मगर समजून ओंडका कसा मारला ते सांगायचं, मग हसायचं, मग टाक वाळला म्हणून पुन्हा बुडवायचा. अठ्ठावन्न नावांना तीन दिवस लागत. तिसऱ्या दिवशी अंगणात वाटप. तोवर लोक कुडाशी येऊन खाकरून जायचे, आणि मी आत बसून दात-ओठ खायचे.

वाटपाच्या दिवशी बाबा नाव पुकारत आणि समोरून होकाराचं "हाव" येई. पुरुष जाळी धुण्यात असत, त्यामुळे बहुतेक बायकाच येत. नवऱ्याचं नाव पुकारलं की बाई उठे, "हाव" म्हणे आणि पदर पुढे करी; बाबा पैसे हातात न देता पदरात टाकत. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मरेपर्यंत नाही, आणि तो मेल्यावरही नाही. एका काकूंच्या नवऱ्याचं नाव बुधा होतं, तर त्या बुधवारालासुद्धा "मंगळाच्या नंतरचा दिवस" म्हणायच्या, आणि आम्ही पोरी त्यांना मुद्दाम वार विचारायचो. आडकू वल्द सोमा असं बाबा पुकारत तेव्हा सरजाकाकी उठून "हाव" म्हणायची. आडकूकाका जाऊन बारा वर्षं झाली होती, पण मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. लहानपणापासून बघत आलेल्या गोष्टी दिसतच नाहीत.

मी अकरावीला पवनीच्या कॉलेजात कॉमर्सला गेले आणि मला शिंगं फुटली. आमच्या सरांनी नोंदी कमीत कमी वेळा उतरवायच्या, खात्यांना क्रमांक द्यायचे, एका कागदावर महिना बसवायचा, असं काय काय शिकवलं. मला तर ते देवाने माझ्यासाठीच पाठवल्यासारखं वाटलं. घरी येऊन मी बाबांना रोज टोचायचे. बाबा म्हणायचे, कायची घाई हाये, तलाव कुठी पळून चालला. त्या माघात त्यांना हिवताप झाला. दोन वाकळी आणि वर पोतं टाकूनही त्यांचे दात वाजत होते. जाळं चार दिवसांवर आलं होतं. वही कोण लिहिणार, हा प्रश्न पडायच्या आतच मी खतावणी मांडीवर घेऊन बसले होते.

ते चार दिवस मी किती सुखात होते हे लिहायला आज लाज वाटते, पण होते. ड्रॉइंगचे मोठे कागद चिकटवून मी एक तक्ता आखला. आडव्या ओळीला एक सभासद, उभ्या रकान्याला एक जाळं, शेवटी बेरीज. जो आला त्याच्या चौकटीत फक्त एक टिंब. वाटा सगळ्यांना सारखाच, तो वर एकदाच लिहायचा. रोजच्या रोज खतावणी उघडायची गरज नाही, हंगामाच्या शेवटी एकदाच बेरीज उतरवली की झालं. खतावणीच्या पानांच्या कडा मी बाबांच्या दाढीच्या ब्लेडने पायऱ्या-पायऱ्यांनी कापल्या आणि त्यावर क्रमांक घातले, म्हणजे अंगठा लावला की खातं उघडलं. तीन दिवसांचं काम अर्ध्या तासात. आईला करून दाखवलं, तर ती म्हणाली की पुस्तकाचे कान कापले वो या पोरीनं.

क्रमांक देताना चार नावांशी अडले. त्या चार खात्यांवर नावाच्या डाव्या अंगाला लाल शाईचा गोल ठिपका होता, नीट, टाकाचं टोक फिरवून काढलेला. तुळशीराम, पांडू, गणपत आणि आडकू. चौघेही वारलेले. सरांनी शिकवलं होतं की मृत व्यक्तीचं खातं बंद करतात. तरी मी बाबांकडे गेले, हे माझ्या बाजूने एवढं एकच सांगण्यासारखं आहे. वाकळीचं टोक उचलून मी विचारलं की हे लाल ठिपके कायचे.

"गेलेल्या मानसाचे हायेत ते," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

मी वाकळ खाली सोडली आणि पुढचं काही विचारलं नाही. मला उत्तर मिळालं होतं. तक्त्यात चोपन्न ओळी झाल्या, सलग, सरळ, एकही ठिपका नसलेल्या. खाली मी हिरव्या पेन्सिलीने दोन रेघा मारल्या.

जाळं ओढलं त्या दिवशी मासळी उदंड निघाली. सरजाकाकी नेहमीप्रमाणे अंधार सरायच्या आत पाळीवर होती. मासळी निवडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, मरळ वेगळी, रोहू वेगळा, झिंगे वेगळे. दुपारी जेवणं व्हायच्या आत मी अंगणात पोतं अंथरून तक्ता पसरला आणि पुकारायला सुरुवात केली. नावं नाही, क्रमांक. आधी बायका गोंधळल्या, मग त्यांना गंमत वाटायला लागली. वाटप त्याच दिवशी होतंय यावरच कोणाचा विश्वास बसेना. सोसायटीचे अध्यक्ष बाजेवर बसून बघत होते, ते म्हणाले की मुनीमजीची पोरगी मुनीमजीपेक्षा पुढे गेली. मी आणखी जोरात पुकारू लागले. वाटाही नेहमीपेक्षा थोडा जास्त बसत होता, आणि ते माझ्या हुशारीमुळेच असावं असं लोकांना वाटलं, मलाही वाटलं.

चोपन्न झाले. अंगणात चार बायका उरल्या. तिघींची पोरं कर्ती होती, ती बाजूलाच उभी होती. ती कुरकुरली, अध्यक्षांशी बोलली, आणि त्यांची नावं पुढच्या जाळ्याला घालायचं ठरून गेलं. सरजाकाकी तशीच उभी राहिली. तिच्या हातावर मासळीचे खवले वाळले होते.

मी तक्त्यावरून वर बघितलं आणि विचारलं, "कोनाच्या नावावर, काकी?"

हे वाक्य मी पन्नास वर्षं तोंडात फिरवते आहे. मला नाव माहीत होतं. कुडाच्या अलीकडे-पलीकडे वाढलेली मी, मला ते नाव तिच्या शिंगाड्यांइतकं माहीत होतं. पण हिशेब लिहिणाऱ्याने असं विचारायचं असतं असं मला वाटलं, आणि अध्यक्ष बघत होते. सगळ्या अंगणाला ठाऊक होतं की ती ते नाव घेऊ शकत नाही. कोणीतरी तिच्यावतीने घ्यावं, तर कोणी घेतलं नाही. वाटा जास्त बसला होता.

"तुले मालूम हाये, पोरी," ती म्हणाली. अगदी हळू, रागाने नाही.

"यादीत नाई," मी म्हणाले.

तिने पदर खांद्यावरून घेऊन नीट खोचला आणि आमच्या अंगणातून, कुडाला वळसा घालून, आपल्या घरी गेली. त्या दिवशी कुडावरून हात आला नाही. मी दोनदा जाऊन बघून आले.

बाबा आठव्या दिवशी उठून छपरीत बसले. मी तक्ता मोठ्या हौसेने पुढे ठेवला. त्यांनी बोट लावून एकेक ओळ वाचली, खालपर्यंत गेले, पुन्हा वर आले. मग विचारलं की सरजा कुठी हाये यात. मी सांगितलं, लाल ठिपक्यावाले तुम्हीच गेलेले म्हणाले, म्हणून बंद केले. बाबांनी खतावणी ओढली, कापलेल्या कडांवरून अंगठा फिरवला आणि आडकूकाकांचं पान उघडलं. बारा वर्षांच्या नोंदी, दर जाळ्याला एक, पूर्ण नावानिशी.

"ती टिकली हाये, बाई," ते म्हणाले. "घरी तिनं पुसली. वहीत मी राहू देल्ली."

बस, एवढंच. माझ्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी अंगावर शाल घेतली आणि ताप अंगात असतानाच अध्यक्षांकडे गेले.

नियम असा होता की सभासद वारला की त्याचं सभासदत्व संपतं, आणि कर्ता मुलगा असेल तर त्याला घ्यावं. विधवेचं त्यात काही नव्हतं. बाबांनी कोणाला न विचारता, न सांगता, एका लाल ठिपक्यावर ते निभावलं होतं. खतावणी एवढी जाड, एवढी हळू, की कोणी ती चाळत बसत नसे. सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. माझ्या तक्त्यात लपायला जागाच नव्हती. एका नजरेत चोपन्न ओळी, आणि अध्यक्षांनी त्याची नक्कल सही करून तालुक्याला पाठवूनही दिली होती. सभा झाली. बाबा म्हणाले की बाई कामाले येते, पहाटपासून उभी राहते, तिचा वाटा तिचा हाये. लोक वाईट नव्हते. त्यांच्याही घरी पोरं होती, आणि त्या एका जाळ्याला हातात थोडे जास्त पैसे आले होते. कोणीतरी म्हणालं, "मुनीमजी, मेलेल्या मानसाचा वाटा म्हनून कागदावर कसा दाखवाचा?" कागदावर बाबांनी तो बारा वर्षं दाखवला होता, पण ते बोलून दाखवलं असतं तर जुन्या वह्यांची तपासणी लागली असती.

मग बाबा आमच्या वाट्यातला निम्मा घेऊन काकीच्या दारी गेले. मीही मागे गेले, कुडाआड उभी राहिले. काकी म्हणाली, "तुमच्या नावाचं मी कशी घेऊ, मुनीमजी. गाव काय म्हनन." ते खरं होतं. मेलेल्या नवऱ्याच्या नावाचा वाटा घेणं आणि जिवंत परपुरुषाच्या नावाचा घेणं, यात गावाच्या लेखी फार अंतर होतं. मी आत जाऊन पाया पडायला हवं होतं. मी सोळा वर्षांची होते आणि मला ते सुचलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. सुचलं होतं. हिंमत झाली नाही.

पावसाळ्यात धानाची रोवणी लागायच्या आधी काकी दिघोरीला लेकीकडे गेली. जावयाच्या घरी राहायला जाणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या कोणत्याही बाईला विचारा. एक पेटी, एक शिंगाडे उकडायचं गुंडं, आणि घराला कुलूप. जाताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि शाळा सोडू नको म्हणाली. मला वाटतं तिने मला माफ केलं होतं, आणि तेच मला सहन झालं नाही. बाबांनी मला एकदाच त्याबद्दल काही म्हटलं, तेही पावसाळ्यात कधीतरी, जेवताना. म्हणाले की तुझा तक्ता चांगला हाये, मेहनत वाचते. त्यानंतर वही मीच लिहिली, माझं लग्न होईपर्यंत. बाबांनी लाल शाईची दौत पुन्हा उघडली नाही. ती कोनाड्यात वाळून गेली आणि तिच्या तळाशी चिकटलेला चुरा मी एकदा काडीने खरवडून बघितला होता.

पुढे बाबा गेले, आई गेली. धरणाचं पाणी चढलं आणि आमचं गाव उचलून वरच्या माळावर प्लॉटांत बसवलं. घर मोडताना भावाने खतावणी माझ्याकडे पाठवून दिली, म्हणाला, तुझंच काम आहे हे. मी ती पिशवीत घालून दिघोरीला गेले. का गेले, ते मला बसमध्येही नीट सांगता आलं नसतं. काकी पडवीत खाटेवर होती. डोळ्यांत मोतीबिंदू, कान बरे होते. मी नाव सांगितलं तर ओळखलं, माझ्या पोरांची चौकशी केली, आणि माझी वेणी चाचपून केस पातळ झाले म्हणाली. मला माफी मागायची होती. वाक्यं बसमध्ये जुळवून आणली होती, ती एकही आठवेना. म्हणून मी खतावणी मांडीवर घेतली, कापलेल्या कडेवर अंगठा लावला आणि बाबा वाचत तसं मोठ्याने वाचलं, "आडकू वल्द सोमा."

काकी उठून बसली. "हाव," ती म्हणाली. आणि खांद्यावरून पदर घेऊन तिने माझ्यापुढे धरला, दोन्ही हातांनी, पसरून.

माझ्याकडे वहीशिवाय काही नव्हतं. पर्स उघडावी असं एकदा वाटलं, पण माझ्या पैशांचं तिला काय. पान तिच्यापुढे करावं, तर तिला दिसत नव्हतं, आणि दिसत होतं तेव्हाही वाचता येत नव्हतं. ती पदर धरून बसली होती. आत लेक कप-बशा मांडत होती. मी पुन्हा एकदा नाव वाचलं.